जास्तीची चाळीस पावलं

बांबेर्गच्या क्रुसाच्या वाटेवर सात दगडी खांब आहेत. पहिला खाली नदीकाठच्या पेठेत, संत एलिझाबेथच्या चर्चपाशी. शेवटचा वर टेकडीवर, जुन्या मठाच्या पलीकडे. प्रत्येक खांबावर प्रभूच्या यातनांचं एक दृश्य कोरलेलं आहे आणि त्याखाली मागच्या खांबापासून तिथवरच्या पावलांचा आकडा. पाचशे वर्षांपूर्वी आमच्याकडचा कुणी सरदार जेरुसलेमला गेला, प्रभू क्रूस घेऊन चालला तो रस्ता त्याने आपल्या पावलांनी मोजला आणि परत येऊन तेवढ्याच अंतरांवर हे खांब उभे केले, असं सांगतात. मीही सांगते. पाहुण्यांना गाव दाखवणं हे माझं कामच आहे.

कामाआधी मी ही वाट रोज एकटी चालते. चर्चमधली सकाळची मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की हातात जपमाळ घ्यायची, पहिल्या खांबापासून निघायचं, मनात पावलं मोजायची, दर दहा पावलांना एक मणी सरकवायचा. खांबापाशी थांबून ‘स्वर्गातल्या बापा’ ही प्रार्थना म्हणायची आणि पुढे निघायचं. नवरा सापडेपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही, असा नेम मी तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात धरला. अंगात ताप असताना चालले. बर्फावर घसरून उजवं मनगट मोडलं, तेव्हा माळ डाव्या हातात घेतली.

माझं पाऊल त्या सरदाराच्या पावलाएवढंच असावं, कारण दगडावरचे सगळे आकडे माझ्या पावलांशी जुळतात. एक सोडून. तिसऱ्या खांबापासून चौथ्यापर्यंत माझी दोनशे चाळीस पावलं होतात. दगडावर आहेत दोनशे ऐंशी.

“इथे चढ लागतो ना,” मी पाहुण्यांना सांगते, “सरदार दमला असणार. पावलं आखूड पडली.”

हसतात. दर वेळी हसतात.

खरं कारण मला एकटीला ठाऊक होतं. माझा नवरा किलिआन कॅथीड्रलच्या कार्यशाळेत पाथरवट होता. एकतीस वर्षांपूर्वी खांबांवरची अक्षरं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत झाली होती. ती पुन्हा कोरायचं काम त्याच्याकडे आलं. जुन्या अक्षरांवर कागद धरून, कोळसा घासून त्याने ठसे घेतले आणि त्यांवरून नवी अक्षरं कोरली. कुठल्यातरी दुपारी एकच कागद दोनदा हाती आला असावा. पाचव्या खांबाचा दोनशे ऐंशी हा आकडा त्याने चौथ्यावरही कोरला. पाचव्यावर तर तो होताच.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी वाट चालले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण बिशपसाहेबांनी किलिआनशी हस्तांदोलन केलं होतं, वर्तमानपत्रात फोटो आला होता, आणि तो जेवताना दिवसातून एकदा तरी त्या खांबांचा विषय काढायचा. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले. काही गोष्टी वेळेवर बोलल्या नाहीत की घरातल्या जुन्या कपाटासारख्या होऊन जातात. असतात, पण जागेवरून कुणी हलवत नाही.

पुढे किलिआन विसरू लागला. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग आपण जेवलो की नाही तेही जायला लागलं. दगडावरचे आकडे मात्र त्याच्याजवळ राहिले. रोज सकाळी मला घेऊन निघायचा. “तू चाल, मी मोजतो,” म्हणायचा. चौथ्या खांबापाशी पोचलो की त्याचा चेहरा उतरायचा.

“चाळीस कमी, बुर्गी.”

“मी आज मोठी पावलं टाकली असतील रे.”

“काल पण कमी होती. चाळीस पावलं गेली कुठे?” खांबावर हात ठेवून तो उभा राहायचा. “दगड खोटं बोलत नाही.”

“नाही बोलत.”

“मग कुठे तरी असणारच.”

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. तुझा हात चुकला, एवढंच. मी म्हणाले, “चल, पाव आणायचाय.”

त्या जूनमध्ये लिंडनची झाडं फुलली होती. मी मिस्सेहून घरी आले तर दार उघडं होतं, त्याची घडीची मोजपट्टी जागेवर नव्हती आणि पायातल्या सपाताही नव्हत्या. बेकरीवालीने त्याला तिसऱ्या खांबापाशी पाहिलं होतं. त्याने तिला टोपी काढून नमस्कारही केला होता. चौथ्या खांबापाशी त्या सकाळी रस्त्याचं काम चाललं होतं. तिथल्या चौघांनी शपथेवर सांगितलं की खालून कुणीही म्हातारा वर आला नाही. आणि मधल्या गल्लीला फाटा नाही. एका बाजूला मठाच्या बागेची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला एकाला एक चिकटलेली सात घरं.

पोलिसांनी कुत्रा आणला होता. तिसऱ्या खांबापासून तो नाक जमिनीला लावून सरळ निघाला, गल्लीच्या मध्यावर बागेच्या भिंतीपाशी आला आणि खाली बसला. भुंकला नाही. ओळखीचं माणूस दिसावं तसा भिंतीकडे बघत शेपूट हलवत राहिला.

*

या वर्षी ईस्टरनंतरच्या सोमवारी माझी दोनशे त्रेचाळीस पावलं झाली.

मोजण्यात चूक झाली, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे त्रेचाळीस. मेच्या सुरुवातीला दोनशे एकोणपन्नास. वयाने पाऊल आखूड होतं, हे मला कळतं; पण मग बाकीच्या खांबांचे आकडे का बदलू नयेत? ते होते तसेच होते. वाढत होती ती फक्त ही एक गल्ली. दर दहा पावलांना एक मणी. मणी खोटं बोलत नाहीत.

गल्लीत नवं काही दिसत नव्हतं. सात घरं, सात दारं. भिंत तीच, तिच्यावरचा वेल तोच. फक्त ती लवकर संपत नव्हती. झोपेत आपण जिना उतरतो आणि शेवटची पायरी येईलसं वाटतं, तशी ती येईल येईल वाटायची, आणि आणखी थोडी उरलेली असायची.

जुलैत दोनशे बासष्ट. लिंडनचा बहर केव्हाच सरला होता, गावभर झाडाखालची फुलं वाळून झाडूने गोळा करून झाली होती. पण गल्लीच्या मध्यावर आलं की तो गोड, जरा मधासारखा वास यायचा. ऑगस्ट गेला, सप्टेंबर संपत आला. वास राहिला. संत मायकेलच्या सणाला मी अठ्ठाविसावा मणी सरकवला आणि समोर चौथा खांब होता.

दोनशे ऐंशी. दगडावर होती तेवढीच.

मी ‘स्वर्गातल्या बापा’ म्हणायला विसरले.

त्याच आठवड्यात नदीतल्या पर्यटक जहाजावरून एक गट आला. एकोणीस माणसं. मी निघताना आणि प्रत्येक थांब्यावर माणसं मोजते, सवयच आहे. त्यांच्यात कासेलचा एक निवृत्त पोस्टमन होता, पिवळ्या धमक जाकिटातला, गप्पिष्ट. तिसऱ्या खांबापाशी मी पावलांची गोष्ट सांगितली तेव्हा एकदोघं म्हणाले, चला, मोजून बघू.

“मोजा तुम्ही,” पोस्टमन म्हणाला. “मी चाळीस वर्षं पावलंच टाकली हो. आता फुकट एक मोजायचं नाही.”

गल्लीत तो माझ्या जरा मागे होता. “बाई,” त्याची हाक आली, “हे दार मघाशी येऊन गेलं का?”

“घरं सारखीच आहेत इथली,” मी वळून न बघता म्हटलं.

चौथ्या खांबापाशी मी माणसं मोजली. अठरा. पुन्हा मोजली. गटाबरोबर आलेल्या जहाजावरच्या मुलीला विचारलं. तिने यादी पाहिली आणि म्हणाली, “अठराच आहेत की. बरोबर आहे.” तिच्या यादीतल्या कुठल्याही नावापुढे कासेल लिहिलेलं नव्हतं. गट पुढे निघाला. मागच्या खांबापाशी माझीच मोजणी चुकली असेल, असं मी मनाला सांगितलं. मन ऐकून घेतं.

*

किलिआनची थोरली बहीण आफ्रा बाजारात भाजी विकते. बाहेरचे लोक आम्हा बांबेर्गवाल्यांना ‘कांदे तुडवणारे’ म्हणतात, कारण इथले माळी कांद्याची पात पायाने दाबायचे. आफ्राला त्याचा अभिमान आहे. तिच्या टपरीवर कांदे वेण्या घालून टांगलेले असतात आणि त्याखाली ती, कंबरेवर हात ठेवून.

“ये, संत वालबुर्गा,” माझं पूर्ण नाव घेऊन ती म्हणाली. “आज किती पावलं झाली?”

“दोनशे ऐंशी,” माझ्या तोंडून गेलं.

“स्वर्ग किती उरला मग?” बाजूची अंडीवाली हसली. आफ्रा हसली नाही. तिने एक कांदा उचलून त्याचं वाळकं साल काढलं. “सर्व संतांचा सण आला गं. सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवणार. मी माझ्या भावाची फुलं कुठे ठेवू, सांग. नदीत टाकू? बदकांना घालू?”

“तो गेलाय असं कुणी म्हटलं?”

“तीन वर्षं झाली, बुर्गी. सपाता घालून गेलेला माणूस. हिवाळेसुद्धा तीन झाले.” तिचा आवाज उतरला. “आईबाबांच्या दगडावर त्याचं नाव कोरून घेते मी. तू नुसती हो म्हण. मेलेल्याला मेलेला म्हणायला पाप लागत नाही.”

“दगडावर एकदा कोरलं की…”

“की काय?”

“काही नाही. अर्धा किलो दे.”

तिने दीड किलो भरून दिले. प्रेम करायची तिची हीच रीत आहे.

घरी आले तर दारात एक तरुण बाई उभी होती. खांद्याला झोळी, बुटांना चुन्याची धूळ. डॉक्टर ट्रेमेल, तिने नाव सांगितलं. जुन्या दगडकामाची तपासणी करायला आली होती. क्रुसाच्या वाटेचे सातही खांब साफ व्हायचे होते.

“हालरबाई, तुमच्या यजमानांचं काम बघून मी टोपीच काढली,” ती स्वयंपाकघरात बसत म्हणाली. “असा हात आता राहिला नाही. पण एक अडचण आहे.” तिने झोळीतून एका जुन्या चित्राची प्रत काढली. दोनशे वर्षांपूर्वी कुणी खांबांची चित्रं काढून ठेवली होती. चौथ्याखाली बारीक अक्षरांत दोनशे चाळीस. “आता दोन शक्यता आहेत. चित्रकार चुकला, नाहीतर तुमचे यजमान. चित्रकारांना मी फारसं मानत नाही, सगळे आळशी. त्यांनी ज्यावरून कोरलं ते ठसे कुठे आहेत?”

“कार्यशाळेला पाणी लागलं होतं एका वर्षी. गेले.”

“म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्या तुम्हीच एकट्या उरलात. ते तुमच्याकडे कधी काही बोलले? चूक असेल तर गुरुवारी माझा माणूस येईल, आकडा बुजवेल आणि खरा कोरेल. नसेल तर मी हात लावणार नाही. तुमच्या शब्दावर आहे.”

मी कॉफी ओतत होते. कप भरला तरी माझा हात थांबला नव्हता, तिनेच धरला.

“चालून मोजलंत का?” मी विचारलं.

“आजच सकाळी. चाकाची मोजणी असते आमची.” तिने बुटावरची धूळ झटकली. “अंतर चित्राशी जुळतं. फक्त… वेळ फार लागला. चढामुळे असेल.” तिने मोजणीचं चाक दाराशी टेकवून ठेवलं होतं. त्याच्या रबरात एक लिंडनचं फूल रुतलं होतं. ताजं, फिकट पिवळं. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. तिने माझ्या नजरेच्या रोखाने पाहिलं, फूल काढलं, नाकाशी धरलं आणि बशीत ठेवलं.

“उद्या सांगते,” मी म्हटलं.

आयुष्यात मी गप्प पुष्कळ राहिले आहे. खोटं बोलले नव्हते. पण दगडावर दोनशे चाळीस कोरलं गेलं की ती जास्तीची चाळीस पावलं जाणार, हे मला समोरच्या कपाइतकं स्वच्छ दिसत होतं. आणि त्या चाळीस पावलांत कोण आहे, हेही.

*

सकाळी मिस्सेत लक्ष लागलं नाही. तिसऱ्या खांबापाशी आले तेव्हा नदीवरून निघालेलं धुकं चर्चच्या छपरांपर्यंत चढलं होतं आणि वर ऊन होतं. तीन वर्षं मी ही गल्ली मोजत चालले होते. कुत्रा बसला ती जागा रोज एकशे बाविसाव्या पावलाला येत असे आणि रोज एकशे तेविसाव्या पावलाला मागे पडत असे. मला पोस्टमन आठवला. आता फुकट एक मोजायचं नाही, म्हणाला होता.

मोजणं हाच माझा नेम होता. तो मोडायला हात धजेना. मग मी माळेचं चुंबन घेतलं आणि ती खिशात ठेवली.

चालू लागले.

सवयीने आकडे ओठांवर येत होते. ते मी येऊ दिले, पण धरले नाहीत. घरं गेली. वेल गेला. भिंत आली, आणि भिंत चालत राहिली. मधाचा वास दाट झाला. चर्चची घंटा वाजत होती ती हळूहळू पाण्याखालून आल्यासारखी ऐकू यायला लागली, मग एक ठोका पडला आणि दुसरा पडलाच नाही.

भिंतीत दार होतं. करड्या निळ्या रंगाचं, साधं, आमच्या कार्यशाळेचं होतं तसं. उंबऱ्यावर दगडाची भुकटी. उंबऱ्याशी सपातांची जोडी, नीट लावून ठेवलेली.

मी दार ढकललं.

लांबट खोली होती. खिडकीतून ऊन येत होतं, जूनमधलं ऊन. किलिआन टेबलाशी बसला होता, समोर मोजपट्टी, कॉफीचे दोन कप. त्याने मान वर केली.

“आलीस, बुर्गी?” तो म्हणाला. “आज मंगळवार ना?”

मंगळवारच होता. पाच वर्षांत त्याला वार सांगता आला नव्हता.

“बरा आहेस?” मला एवढंच सुचलं.

“बघ तरी.” त्याने खोलीभर हात फिरवला. “चाळीस आहेत. पट्टीने मोजली, तीनदा. मी म्हटलं नव्हतं? आफ्रा कशी आहे? गुडघा दुखतो का अजून तिचा?”

“दुखतो.”

“तिला म्हणावं, कांदे तुडवायचं वय गेलं.” आणि तो हसला. तेच हसणं, आधी डावा डोळा बारीक होणारं. मी दाराची चौकट धरून ठेवली.

“घरी चल, किलिआन.”

“चल की.” तो लगेच उठला. दाराशी आला. सपाता पायात सरकवल्या, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

त्याचा हात खांद्यावरून सुटला. त्याने माझ्याकडे पाहिलं. सभ्यपणे, परक्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखं.

“माफ करा,” तो म्हणाला. “आपण कोण, बाई?”



त्याने पाय आत घेतला. आटलेल्या विहिरीत पुन्हा पाणी भरावं तसा तो स्वतःच्या डोळ्यांत परत आला. “बुर्गी! दारात काय उभी राहिलीस? कॉफी घे.”

मी उंबऱ्यावरच उभी राहिले. दाराच्या आत खुंटीला एक जाकीट लटकत होतं. पिवळं. मी त्या जाकिटाकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या दुसऱ्या कपाकडेही पाहिलं नाही.

“एक विचारू?” किलिआन म्हणाला. पट्टी उघडत होता, मिटत होता. “कधी कधी वाटतं… तो चौथा आकडा. माझा हात चुकला नव्हता ना गं?”

एकतीस वर्षं.

“नाही,” मी म्हटलं. “आकडा बरोबर आहे.”

“वाटलंच मला.” त्याचा चेहरा मोकळा झाला. “दगड खोटं बोलत नाही.”

बाहेर पडताना मी मोजायला लागले. पहिल्याच आकड्याला घंटेचा दुसरा ठोका पडला.

*

डॉक्टर ट्रेमेल चौथ्या खांबापाशीच भेटली. ब्रशाने खाचांतली धूळ काढत होती.

“दोनशे ऐंशीच होतं,” मी म्हटलं. “ठसा मी स्वतः पाहिला होता.”

तिने ब्रश खाली ठेवला. “तुमच्यासारख्या बाईने सांगितल्यावर प्रश्नच मिटला,” ती म्हणाली. “चित्रकार आळशी, म्हटलं नव्हतं मी?” जाताना तिने कार्ड दिलं. काही वेगळं आठवलं तर कळवा, म्हणाली. ते कार्ड फोनशेजारी आहे.

मिस्सेला मी अजून जाते. प्रसादाच्या भाकरीच्या रांगेत मात्र उभी राहत नाही; खोटं मनात ठेवून ती घेता येत नाही. जागेवरच गुडघे टेकते. फादर एकदा बघून गेले. आफ्राला मी नाही म्हणून सांगितलं. तिने पाठ फिरवली, आणि संतांच्या सणाला आईबाबांच्या कबरीवर फुलांचा एक गुच्छ जास्त ठेवला.

सकाळी मी आता माळ खिशात ठेवून चालते. कॉफी घेते. तो वार सांगतो, बाजारातल्या गोष्टी विचारतो. परत येताना मोजते.

पाहुण्यांचे गट येतच असतात. हल्ली तिसऱ्या खांबापाशी मी सगळ्यांना सांगते की इथून पुढे प्रत्येकाने आपली पावलं मोजायची, मनातल्या मनात, चौथ्या खांबापर्यंत. गंमत म्हणून, म्हणते. माझा आवाज हळू आहे. मागच्यांपर्यंत तो पोचत नाही, हे मला माहीत आहे.

नाताळच्या बाजारासाठी काल दुपारी तेवीस जणांचा गट आला. मागच्या रांगेत एक आजीबाई होत्या, ल्यूबेकच्या, करड्या कोटातल्या. तिसऱ्या खांबापाशी त्यांनी हातमोजे घालायला म्हणून आपली काठी माझ्या हातात दिली. “धरा हं जरा,” म्हणाल्या. तेवढ्यात कुणीतरी मला काही विचारलं आणि आम्ही निघालो.

चौथ्या खांबापाशी बावीस होते.

“ही काठी कुणाची?” मी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघून हसले. कुणाची नव्हती. यादीत बावीस नावं होती. काठीची मूठ अजून ऊबदार होती.

रात्रभर काठी माझ्या दारामागे उभी राहिली. फोनशेजारचं कार्ड मी दोनदा उचललं आणि दोन्ही वेळा पालथं करून ठेवलं.

आज सकाळी ती बरोबर नेली. किलिआनने दार उघडलं, माझ्या हातातून काठी घेतली, मूठ बाहीने पुसली आणि खोलीत वळून मोठ्याने म्हणाला, “तुमची काठी आली हो!”

आत बऱ्याच खुर्च्या एकदम सरकल्या.